विमलकाकूंचं एमबीए

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत माझी मुलाखत होती. समोर तिघं बसले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "मार्केटिंग कोणाकडून शिकलात?" मी आमच्या नितीन सरांचं नाव सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. सर मनापासून शिकवायचे. नोकरीही मिळाली. पण परतीच्या एसटीत बसल्यावर मला राहून राहून वाटत होतं, की आपण उत्तर अर्धंच दिलं. विमलकाकूंचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण मग त्या कोण हे सांगावं लागलं असतं, आणि त्या माझ्या शिक्षिका नव्हत्या. माझ्या वर्गात होत्या. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या.

पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. आम्हाला वाटलं, नवीन मॅडम. सुती नऊवारीसारखी चोपून नेसलेली पाचवारी, खांद्याला बियाण्याच्या कंपनीची कापडी पिशवी, नाकावर घसरणारा चष्मा. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बसा, बसा. मी बी तुमच्यासारखीच हाय." मग पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मागच्या बाकांवर थोडी खुसखुस झाली. कोणीतरी 'मावशी' म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मावशी म्हना. पन मंग परीक्षेत मावशीले पेपर दाखवा लागन."

देऊळगाव राजाला आमचं कॉलेज. मी लोणारहून एसटीनं यायची आणि काकू वाटेतल्या बीबी गावाला त्याच गाडीत चढायच्या. मी त्यांची जागा धरून ठेवायची. दोन वर्षं आमचा प्रवास असा शेजारी शेजारी झाला. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्या खिडकीपाशी कळलेलं आहे.

बीबीला त्यांची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली ट्रे मांडलेले, ट्रेच्या एकेका खाचेत नारळाच्या भुशावर एकेक बी. मिरची, टमाटे, वांगी, फुलकोबी. नवरा, भास्करकाका, पाण्याचं आणि फवारणीचं बघायचे. फार बोलायचे नाहीत. काकूंनी मुलगा शाळेत असताना मुक्त विद्यापीठातून बीए केलं होतं. पण एमबीए कशाला, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"एका साली गोबीचे तीस हजार रोपं उरले," त्या म्हणाल्या. "तिकडं मोठी नर्सरी झाली. त्याइची गाडी गावोगाव फिरे, रंगीत कागद वाटे. आमच्याकडं कोनी आलंच नाही. रोप काही थांबत नाही, वैशू. पंचवीस दिवसांचं झालं की त्याले जमीन पायजे. नाही भेटली तं पिवळं पडते, म्हातारं होते. सारे ट्रे मी आन् तुहे काका उकिरड्यावर झटकत बसलो. दोन दिवस लागले झटकाले." त्यांनी नाकावर घसरलेला चष्मा वर केला. "रोप वाईट नव्हतं. मले इकता आलं नाही. मंग ते शिका लागन ना?"

इतकं सरळ कारण घेऊन आमच्या वर्गात दुसरं कोणी आलेलं नव्हतं. मी तर स्पर्धा परीक्षा दोनदा हुकली म्हणून आले होते.

काकूंचं पहिलं भांडण संगणकाशी झालं. कळफलकावरची अक्षरं क्रमानं का नाहीत, याचं त्यांना नवल वाटायचं. घरी संगणक नव्हता आणि कॉलेजात तास संपला की बस गाठायची असायची. त्यांनी एक दिवस बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आणला आणि मला म्हणाल्या, "याच्यावर त्या बटना काढून दे." मी मार्करनं चौकोन आखून अक्षरं लिहून दिली. तेव्हापासून गाडी बीबीहून निघाली की पुठ्ठा मांडीवर. दुसरबीडपर्यंत डावा हात, तिथून सिंदखेड राजापर्यंत उजवा, पुढे दोन्ही. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "काकू, पेटी शिकून राह्यले काय?"

"हाव," काकू पुठ्ठ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सूर सापडून नाही राह्यला."

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या माझ्याइतक्या वेगानं टाइप करायला लागल्या होत्या. मला त्याचं थोडं वाईटच वाटलं, कारण मी चार वर्षं दोन बोटांनी टाइप करत होते आणि सुधारायचं कधी मनातही आलं नव्हतं.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "सर, समजलं नाही." आवाजात लाज नसायची आणि तक्रारही नसायची. पुस्तकं इंग्रजीत, सर अर्धं इंग्रजी बोलायचे. समजलेलं आम्हालाही नसायचं, पण आम्ही माना डोलवायचो. सुरुवातीला मागच्या बाकांवरून उसासे यायचे. पुढे पुढे असं झालं, की सरांनी एखादा अवघड मुद्दा घेतला की सगळा वर्ग काकूंकडे बघायचा. त्या बोलल्या की आम्ही वह्या उघडायचो.

एकदा सर 'पोझिशनिंग' शिकवत होते. काकूंनी तीनदा "समजलं नाही" म्हटलं. तिसऱ्यांदा सरांनी हातातला पेन ठेवला आणि टेबलाला टेकून उभे राहिले.

"काकू, तुमच्याकडे मिरचीचं रोप आहे. त्या मोठ्या नर्सरीतही आहे. शेतकऱ्याला तुमचं नाव आठवलं की त्या नावामागोमाग त्याच्या मनात काय येतं? ते पोझिशनिंग."

काकूंनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "येत असन काहीतरी. मले इचारा लागन."

वर्ग हसला. त्यांनी मात्र वहीत ते लिहून घेतलं.

तेच पुढे आमच्या प्रकल्पाचा विषय झालं. सरांनी जोड्या लावल्या, त्यात काकू आणि मी. भाजीपाला पिकवणारे शेतकरी रोपं कुठून घेतात आणि का, यासाठी शंभर शेतकऱ्यांना भेटून प्रश्नावली भरायची होती. पन्नास त्यांनी, पन्नास मी.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला अनोळखी माणसाशी बोलता यायचं नाही. वडिलांचं लोणारला वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. तिथेही गिऱ्हाईक आलं की मी आतल्या खोलीत जायची. मार्केटिंग शिकणाऱ्या मुलीनं हे सांगावं, हे हास्यास्पद आहे, पण तसं होतं. मी दोन दिवस घरी बसून चाळीस प्रश्नावल्या स्वतःच भरल्या. दुकानातले चार प्रकारचे पेन वापरले. अक्षर कधी तिरकं काढलं, कधी मोठं. नावं, गावं, पिकं, सगळं मनानं.

सोमवारी बसमध्ये तो गठ्ठा काकूंच्या हातात दिला. त्यांनी एकेक कागद नीट वाचला. दहा-बारा वाचून झाल्यावर विचारलं, "वैशू, यातला एक बी मानूस नाराज नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"चाळीस जनात एक बी नाही? आमच्या घरात चार मानसं हायत, त्यातले दोन रोज नाराज असतात."

मी बाहेर बघत बसले. काकूंनी उरलेले कागदही वाचले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"मी सरायले सांगनार नाही," त्या म्हणाल्या. "पन याच्यावर माही सही बी नाही होनार. हे मानसं तुले भेटलेच नाहीत, पोरी. मले वाटलं होतं, लोक माह्या रोपाले काय म्हनतात ते आता कळन."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांचा आवाज उतरला होता. मी कशीबशी म्हणाले, "काकू, मला लोकांशी बोलता येत नाही."

"मले टायपिंग येत होतं का?" त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून पेरू काढून अर्धा मला दिला.

पुढच्या रविवारी मी बीबीला गेले. काकू मला एका वांग्याच्या वावरापाशी घेऊन गेल्या आणि स्वतः दूर बांधावर थांबल्या. "मी संगं आली तं तो गोड बोलन. तू जाय."

वावरात एक साठीचे गृहस्थ वांगी तोडत होते. मी कागद समोर धरून वाचलं, "आपण रोपांच्या गुणवत्तेबाबत कितपत समाधानी आहात?"

त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तू कोनाची व बाई?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, लोणारचं सांगितलं. माझे तळहात घामानं ओले झाले होते. मग मला सुचेना म्हणून मी कागद खाली केला आणि विचारलं, "काका, हे वांग्याचं रोप कुठून आणलं?"

त्यानंतर ते जवळजवळ अर्धा तास बोलले. कोणतं रोप लागलं, कोणतं सुकलं, पाण्याची पाळी कधी येते, मजूर कधी मिळतात. मी वांगी तोडायला लागले आणि ते बोलत राहिले. शेवटी मी विचारलं, की बीबीतच नर्सरी असताना तुम्ही लांबून रोप का आणता?

"विमलबाईचं रोप चांगलंच हाय," ते म्हणाले. "पन फोन कोन उचलते? सकाळी लावा तं बाई कालेजात. नवऱ्याले इचारा तं तो म्हनते, ती आल्यावर सांगतो. माही पान्याची पाळी थांबते का तिच्यासाठी?"

हे मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. बांधावर काकू वाट बघत होत्या. कागद द्यायला माझा हात होईना. त्यांनी तो घेतला, दोनदा वाचला, चष्मा काढून पदरानं पुसला.

"म्हनजे हे पोझिशनिंग होय माहं," त्या म्हणाल्या. "विमल म्हनजे फोन न उचलनारी."

आणि हसल्या. मीही हसले. पण सोमवारी बीबीच्या थांब्यावर त्या नव्हत्या. मंगळवारीही नव्हत्या. मी धरून ठेवलेल्या जागेवर एक बाई टोपलं घेऊन बसल्या. शिकायला येण्यामुळे गिऱ्हाईक तुटत होतं, आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तर त्या शिकायला येत होत्या. हे त्यांना मी जाऊन सांगितलं होतं. त्या दोन दिवसांत मला वाटत राहिलं, की खोटे चाळीस कागद राहिले असते तर काकू कॉलेजात राहिल्या असत्या.

बुधवारी त्या चढल्या. बसल्या बसल्या मोबाइल माझ्यापुढे धरला. "आयक."

त्यांनी मुलाकडून शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करून घेतला होता आणि त्या सकाळी जाळीखाली उभं राहून त्यात बोलल्या होत्या: "राम राम. बीबीहून विमल बोलते. मिरची आज बावीस दिवसांची झाली, अजून बारा-पंधरा दिवस लागतीन. वांगं शुक्रवारी तयार. टमाट्याच्या चार ट्रेत मर दिसली, ते फेकून देले. फुलगोबीचं बी सोमवारी टाकनार हाय, ज्याले पायजे त्यानं आधी नाव सांगा. मी आता कालेजात जाते. फोन मालक उचलतीन, त्याइले सारं लिहून देलं हाय."

हा निरोप मग रोज सकाळी जायला लागला. नितीन सरांनीही ग्रुपमध्ये आपलं नाव घालून घेतलं. एकदा वर्गात ते म्हणाले, "काकू, सगळं छान आहे, पण रोग पडल्याचं कशाला सांगता? जाहिरात आहे ती."

"जाहिरात नाही सर, खबर हाय," काकू म्हणाल्या. "जाहिरात आली की लोक मधातच बंद करतात. खबर पुरी आयकतात."

पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर ते वाक्य लिहिलं होतं, खाली काकूंचं नाव घालून. काकूंना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "मी काय पुस्तकातली हाय का?"

माझे पन्नास शेतकरी मी रविवारी रविवारी गाठून पूर्ण केले. दुसऱ्या वर्षी त्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होते. बीबीला गाडी थांबली तेव्हा काकू चढल्या, पण पिशवी नव्हती. माझ्यापाशी येऊन उभ्याउभ्याच म्हणाल्या, "वैशू, माहं होत नाही आज. आज वही ताडून पाह्यली तं मिरचीच्या ट्रेवरच्या चिठ्ठ्या आदलाबदल झालेल्या. लांबट फिकी मिरची पायजे होती त्याइले तिखट गेली, तिखटवाल्याइले फिकी. अकरा जन रोप घेऊन गेले."

"कोणी बदलल्या?"

"मीच. परवा बसच्या घाईत लावल्या होत्या." कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. मी उठायला लागले तर त्यांनी मला खांद्यावर दाबून बसवलं. "तू जाय. दोघीइचं तू बोल. येते तुले आता." आणि उतरल्या.

मी गेले. पस्तीस-चाळीस माणसांसमोर दोघींच्या वाट्याचं बोलले. संपल्यावर परीक्षकांनी विचारलं, "तुमची जोडीदार कुठे आहे?" मी जे घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "रोप लावल्यावर मिरची धरेपर्यंत कोणाला कळलंही नसतं. आणि कळलं असतं तरी बियाण्यावर ढकलता आलं असतं."

नितीन सर उठले आणि त्यांनी मोबाइलवर त्या सकाळचा निरोप लावला. सभागृहात काकूंचा आवाज आला. मागे पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज होता.

"राम राम. विमल बोलते. आज खबर वाईट हाय. मंगळवारी मिरचीचं रोप ज्याइनं नेलं, त्याइनं लावू नका. चिठ्ठी चुकली. चूक माही हाय, बियान्याची नाही, मजुराची बी नाही. मी गाडी घेऊन रोप बदलाले येऊन राह्यली. ज्यानं लावलं असन त्यानं मले वावरातच भेटा, तिथं बोलू."

परीक्षकांनी नियमाप्रमाणे काकूंना गैरहजर लावलं. त्यांचं काही चुकलं नाही. काकूंना तोंडी परीक्षा पुढच्या वेळी पुन्हा द्यावी लागली.

सातजणांची रोपं बदलून झाली. चौघांनी लावून टाकली होती. त्यातल्या तिघांनी सांभाळून घेतलं. एक जण कायमचा तुटला आणि गावोगाव सांगत फिरला, की बाई शिकून शहाणी झाली अन् रोपं चुकवायला लागली. मी चिडून काकूंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलते तो. वावर त्याचं अडकलं ना." त्यानंतर चिठ्ठ्या लावायचं काम त्या कॉलेजाच्या दिवशी कधीच करत नसत.

पुढच्या हंगामात मात्र मी नर्सरीत गेले तेव्हा बी टाकायच्या आधीच ट्रेवर शेतकऱ्यांची नावं होती. त्या वावरातल्या वांगीवाल्या काकांचंही नाव मी त्यात वाचलं. उकिरड्यावर झटकायला काही उरलं नव्हतं. भास्करकाका फोनवर बोलत होते, बऱ्यापैकी मोठ्यानं. काकू म्हणाल्या, "तुह्या काकाले बी बोलता याले लागलं."

मी आता कंपनीच्या कामानं गावोगाव फिरते. वावरात शिरताना कागद पिशवीत ठेवते. तळहात अजूनही ओले होतात. परवा एका मोठ्या बैठकीत साहेब तासभर इंग्रजीत आलेख दाखवत होते. मी म्हणाले, "सर, समजलं नाही." माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांनी हळूच श्वास सोडला, हे मला ऐकू आलं. हे धाडस माझं नव्हे. ते मी दोन वर्षं शेजारी बसून उचललं आहे, आणि त्याबद्दल काकूंचे आभार मानायचे राहून गेले आहेत. समोर मानले असते तर त्यांनी विषय बदलला असता.

बाकी सगळ्या विषयांत त्या पास झाल्या. संख्याशास्त्र तेवढं राहिलं. एकदा राहिलं, दुसऱ्यांदाही राहिलं. आमच्या बरोबरच्या कोणी म्हटलं, की आता नर्सरी चालते आहे, पदवीच्या कागदाचं काय करायचं? काकूंनी पुन्हा अर्ज भरला.

उन्हाळ्यात मी मूळ प्रमाणपत्र घ्यायला कॉलेजात गेले होते. कार्यालयाकडे जाताना परीक्षेच्या खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या. आत सगळी आमच्यामागची मुलं, आणि भिंतीकडच्या रांगेत विमलकाकू. पंख्याच्या वाऱ्यानं उत्तरपत्रिका उडू नये म्हणून तिच्यावर डावा कोपर रोवलेला. ओठ हलत होते, आकडे मनाशी म्हणत असाव्यात. अर्धी मुलं पेपर देऊन निघून गेली होती. मी खिडकीशी थोडी थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही.

मग त्यांनी पर्यवेक्षकांकडे बघून पुरवणी मागितली. ती आली. त्यांनी दोरा ओवून घट्ट गाठ मारली, वरच्या चौकटीत आपला नंबर लिहिला, आणि पुन्हा मान खाली घातली.